तो पायरी सोडत नव्हता

माझा मुलगा पंचगंगेच्या घाटावर राहतो. मुलगा काय करतो असं कुणी विचारलं की मी एवढंच सांगते. पूर्वी म्हणायची, कारखान्यात आहे. नंतर म्हणायची, तब्येत बरी नसते. त्यावर लोक आणखी चार प्रश्न विचारायचे. घाटावर राहतो म्हटलं की गप्प होतात.

चाळिशीला आला आता. फाउंड्रीत साचे करायचा. हात चांगला होता, मालक नाव घ्यायचा. रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून गोळी घ्यायला लागला, मग दिवसा झोप यावी म्हणून दुसरी. त्यात गांजा आला. लग्न करून दिलं तर सून वर्षभर राहिली आणि माहेरी गेली. शहाणी होती. नंतर त्याला आवाज ऐकू यायला लागले. राजारामपुरीतल्या डॉक्टरनं मला सांगितलं, "आजी, व्यसन आधी की आजार आधी हे आता शोधत बसू नका. दोन्ही आहेत." मी शोधत बसले नव्हते. त्याचे वडील बसले होते. ते शोधता शोधताच गेले.

व्यसन सोडवतात तिथं त्याला दोनदा धाडला. पहिल्यांदा अंगावर मांस चढवून आला आणि थोड्याच दिवसांत होता तसा झाला. दुसऱ्यांदा तो जाईना, म्हणून त्यांची माणसं गाडी घेऊन आली आणि त्याला घरातून उचलून नेलं. त्यानं एकाच्या हाताला चावा घेतला आणि चालत्या गाडीतून रस्त्यावर उडी टाकली. पाय मोडला. अजून लंगडतो. तेव्हापासून त्याला अंगाला हात लावून कुणी कुठं नेऊ शकत नाही.

घराचं दार मी त्याला बंद केलेलं नाही. शाहूपुरीत आमचं दुकान होतं, ते भाड्यानं दिलंय, आणि मागच्या दोन खोल्यांत मी राहते. त्याचा बिछाना अजून घातलेला असतो. तोच येत नाही. छताला कान आहेत म्हणतो. वरची माणसं त्याचं बोलणं ऐकून खाली कळवतात म्हणतो. आमच्या वर कोणी नाही, पत्रा आहे. हे त्याला सांगून उपयोग नाही. उघड्यावर आभाळाखाली त्याला बरं वाटतं, आणि घाटावर नदीच्या आवाजात त्याचे आवाज जरा दबतात. म्हणून तो तिथं गेला. मी काय करणार? मी डबा नेते.

आता आमच्यातली एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आम्ही लिंगायत. मूल जन्माला आलं की स्वामी येऊन त्याच्या गळ्यात इष्टलिंग बांधतात. सुपारीएवढं, काळं. कुणी चांदीच्या डबीत ठेवतं, कुणी कापडात, पण दोऱ्यानं गळ्यात असतं. बाईच्या गळ्यात, पुरुषाच्या गळ्यात, सगळ्यांच्या. मरेपर्यंत काढायचं नाही. मेल्यावर आम्हाला जाळत नाहीत, बसवून पुरतात, आणि ते लिंग हातात देतात. आणि जिवंतपणी हरवलं, तर ते सापडेपर्यंत किंवा स्वामी दुसरं बांधेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही.

शहरात हे आता कोण पाळतं? कितीतरी जणांचं कपाटात पडलेलं असतं. पण मुरगूडला, माझ्या माहेरी, मी लहान असताना माझ्या चुलतीचं लिंग धुणं धुताना नदीत गेलं. ती ओल्या लुगड्यानं काठावर बसली ती उठेना. चुलता वरून ओरडत होता, "घरात पोरं रडत्यात, ऊठ की!" ती म्हणाली, "उठून काय करू? चुलीपाशी जाऊ?" गडीमाणसांनी बुड्या मारल्या, काही मिळालं नाही. स्वामी परगावी गेले होते, ते परत येईपर्यंत ती तशीच. त्यांनी दुसरं बांधलं तेव्हा ती उठली, पण तिला चालता येत नव्हतं. दोघांनी धरून आणली. मला तेव्हा ती वेडी वाटली होती.

माझ्या मुलानं बरा असताना कधी पूजा केली नाही. सणाच्या दिवशी वडिलांनी हाक मारली तर अंघोळीत आहे म्हणायचा. गोळ्यांच्या दिवसांत त्यानं लिंगाची चांदीची डबी विकली. पण आतलं लिंग ठेवलं. माझ्या एका जुन्या हिरव्या साडीची चिंधी फाडली, त्यात ते बांधलं आणि दोऱ्यानं गळ्यात घातलं. त्याच साडीचं फडकं मी डब्याला बांधते. घाटावर गेल्यापासून तर त्याची रीतच झाली. डबा उघडला की आधी चिंधी सोडायची, लिंग डाव्या तळहातावर ठेवायचं, त्याच्याकडं बघत बसायचं, परत बांधायचं आणि मग घास घ्यायचा. डोक्यातल्या आवाजांनी त्याचं सगळं नेलं. एवढं कसं ठेवलं, मला माहीत नाही.

मी वरच्या पायरीवर बसून ते बघायची. देवाधर्माचं मला फार कौतुक आहे असं नाही. मला वेगळ्या कारणानं धीर यायचा. मनात यायचं, हा एखाद्या सकाळी बेवारस सापडला, तर गळ्यातलं बघून पोलिसांना कळेल हा कुणाचा, कुणाला बोलवायचं. जाळून टाकणार नाहीत. आई असा विचार करते का म्हणाल. करते. रोज करते.

सकाळी भाकरी-भाजी डब्यात भरायची, गंगावेशीपर्यंत बसनं जायचं, तिथून घाटावर चालत. घाटाच्या तोंडाशी एक चहावाली बसते. ताडपत्रीखाली स्टोव्ह आणि दोन बाकडी. जिभेला हाड नाही तिच्या, पण त्याच्यावर तिची नजर असते. मी दिसले की तिथूनच ओरडायची, "मावशी, तुमचं लेकरू काल माझ्या गिऱ्हाइकाला म्हणालं, चहा पिऊ नका, त्यात तार घातलीया."

"मग?"

"मग काय, मी म्हटलं, तार घातली असती तर तारंचं पैसं येगळं लावलं असतं!"

ती हसायची, मीही हसायची. त्या आधारावर दिवस चालले होते. तो डबा खायचा, नदीत धुवायचा आणि माझ्याकडं न बघता पायरीवर ठेवायचा. धुतलेला डबा परत मिळाला म्हणजे तो दिवस बरा.

मग पावसाळ्याचे दिवस आले. आमच्याकडं पावसाळ्यात लोक एकमेकांना नमस्कार करत नाहीत, बंधाऱ्यावर पाणी किती आहे ते विचारतात. धरणाचे दरवाजे उघडले की नाही, याच्यावर सगळं गाव बोलतं. त्या आठवड्यात नदी चढायला लागली. नदीतली छोटी देवळं आधी कमरेपर्यंत बुडाली, मग नुसते कळस राहिले. पाणी तांबडं झालं आणि त्याचा आवाज बदलला. उन्हाळ्यात नदी वाहते ते ऐकू येत नाही. आता घाटाच्या तोंडाशीच घरघर ऐकू यायची, जड गाडी चढावर यावी तशी.

आणि त्यानं जेवण सोडलं.

पहिल्या दिवशी डबा भरलेला परत आला तेव्हा मला वाटलं, डब्यात विष घातलंय हे भूत परत त्याच्या डोक्यात शिरलं. मागं असं झालं होतं. तेव्हा मी त्याच्या डोळ्यांदेखत डब्यातला पहिला घास खायची, मग तो खायचा. दुसऱ्या दिवशी तसंच केलं. मी भाकरी मोडली, खाल्ली, आ करून दाखवलं. त्यानं बघितलं आणि डबा माझ्याकडं सरकवला. त्याच्या ओठांना चिरा पडल्या होत्या.

चहावालीला विचारलं. ती म्हणाली, "चहा दिला, घेतला न्हाय. बिस्कूट दिलं, बाजूला ठेवलं. पाणी दिलं, ते बी न्हाय. एवढं पाणी पुढ्यात वाहतंय आन् ह्यो कोरडा."

तो खालच्या एका पायरीवर बसला होता. दगडाचा कोपरा फुटलेली पायरी आहे ती. पाणी त्या पायरीच्या खाली होतं तेव्हा तिथंच बसला, पाणी पायरीला लागलं तरी तिथंच. बाकीचे घाटावरचे भिकारी, साधू, सगळे गाठोडी उचलून वर गेले. त्याची गोधडीही कुणीतरी वर नेऊन ठेवली. तो हलला नाही. पाण्यात पाय सोडून बसलेला, नजर एका जागी. मी कितीदा हाक मारली. वळायचा, बघायचा, परत पाण्याकडं.

पुराच्या बंदोबस्ताला एक होमगार्ड आला होता. शिट्ट्या फुंकून लोकांना हाकलत होता. माझ्याकडं आला.

"आज्जी, तुमचा हाय न्हवं त्यो? उठवा त्याला. उद्या पाणी हितवर येतंय."

"तुम्ही उठवा की. तुमचं काम हाय."

"हात लावला तर काय करतोय?"

"हात लावला तर उडी टाकतोय."

त्यानं पाण्याकडं बघितलं. पाण्यातून एक झाड मुळांसकट चाललं होतं. "मग मी न्हाय लावत," म्हणाला, आणि शिट्टी वाजवत दुसरीकडं गेला. मला त्याचा राग आला नाही. खरं बोलला.

मुलगी निपाणीला दिली आहे. तिला फोन केला. ती म्हणाली, "अव्वा, चार माणसं लाव आणि उचल त्याला. दवाखान्यात घाला."

"मागं उचललं होतं."

"मग?"

"तेव्हा खाली रस्ता होता."

ती रडायला लागली. मी फोन ठेवला. रडणं ऐकायला मला त्या वेळी सवड नव्हती.

दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा पाणी त्याच्या पोटऱ्यांना लागलं होतं. मी त्याच्या वरच्या कोरड्या पायरीवर जाऊन बसले. एवढ्या जवळ तो मला बसू देत नाही, पण त्या दिवशी बसू दिलं. अंगाला ताप असल्यासारखा वास येत होता. हात धुवायला म्हणून तो पुढं वाकला आणि शर्टाचा गळा लोंबला. आत दोरा नव्हता. गळा मोकळा होता.

 मी विचारलं, "लिंग कुठाय?"

"गेलं."

"कुठं गेलं? कुणी घेतलं?"

त्यानं समोर पाण्यात बोट दाखवलं. "टाक म्हणाले. टाकलं." मग हळू आवाजात म्हणाला, "आता म्हणतात, टाकलंस का?"

आमच्यात आईला अव्वा म्हणतात. मोठा झाल्यावर तो मला फारसा हाक मारत नव्हता. त्या दिवशी मी विचारलं, "मग जेवत का न्हाईस?" तर त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जसं मीच काहीतरी वेड्यासारखं बोलले.

"अव्वा, मोकळ्या गळ्यानं जेवतात व्हय?"

 एवढे दिवस मी विष म्हणत होते, चहावाली बाधा म्हणत होती, मुलगी गोळ्या म्हणत होती. तो नुसता नियम पाळत होता. माझ्या चुलतीनं पाळला तसा. डोकं ठिकाणावर नसलेल्या माणसानं तेवढीच एक गोष्ट ठिकाणावर ठेवली होती आणि तीच त्याला मारत होती.

"वर चल," मी म्हटलं. "स्वामींना सांगू. दुसरं बांधतील."

"न्हाय. पाणी उतरलं की दिसंल. ह्या पायरीवरनं टाकलंय. मी हललो तर जागा चुकंल."

पाणी उतरायला किती दिवस लागतात ते कोल्हापुरात कुणालाही विचारा. आणि ते अजून चढत होतं.

मी तशीच स्वामींकडं गेले. म्हातारे आहेत, गुडघे गेलेत. ओसरीवर बसले होते. सगळं सांगितलं आणि म्हटलं, "एक द्या, मी नेऊन बांधते."

"अगं बाई, लिंग काय भाजी हाय व्हय पिशवीतनं न्यायला?" ते म्हणाले. "त्याला न्हाऊ घालून आण हितं."

"तो हितं आला असता तर मी तुमच्याकडं कशाला आले असते?"

ते भिंतीला धरून उठले. मग नातवाला रिक्षा आणायला सांगितली आणि नवीन लिंग घेऊन त्या पावसात माझ्याबरोबर घाटावर आले. त्यांचं हे मी विसरणार नाही. होमगार्डनं शिट्टी मारली, त्यांनी त्याच्याकडं नुसतं बघितलं, तो बाजूला झाला. कठड्याला धरून, एकेक पायरी उतरत ते माझ्या मुलापर्यंत गेले. लिंग पुढं केलं. म्हणाले, "घे बाळा, गळा पुढं कर."

त्यानं उठून, वाकून बघितलं. फार सभ्यपणे म्हणाला, "हे माझं न्हाय, अप्पा. माझं हितं हाय." आणि दाखवायला म्हणून एक पायरी खाली उतरला. पाणी गुडघ्याच्या वर गेलं. ओढीनं तो हलला, लंगडा पाय सरकला, आणि परत उभा राहिला.

स्वामींनी हात मागं घेतला. हळूहळू, जनावर बुजू नये तसे, ते मागं सरकत वर आले. माझ्यापाशी येऊन थांबले. धाप लागली होती. "माझ्यानं व्हत न्हाय बाई," म्हणाले. "त्याला त्याचंच पायजे." आणि रिक्षात बसून गेले.

मी चहावालीच्या ताडपत्रीखाली जाऊन बसले. तिनं न विचारता चहा दिला. मी तो प्याले. सकाळी भाकरीही खाल्ली होती. मग मी पदराखाली हात घातला आणि माझ्या गळ्यातला दोरा काढला.

ते माझ्या अंगावर जन्मल्यापासून होतं. लग्नात होतं, दोन्ही बाळंतपणांत होतं, नवऱ्याला पुरायला नेलं तेव्हा होतं. चांदीची डबी उघडली, लिंग बाहेर काढलं. सगळी लिंगं दिसायला सारखीच असतात, काळी, गुळगुळीत. डब्याचं हिरवं फडकं सोडलं, दातानं त्याची पट्टी फाडली, लिंग त्यात बांधलं आणि दोरा ओवला. चहावाली बघत होती.

"काय करताय वो मावशी?"

"हे नदीत बुचकाळ, चिखल लाव, आणि त्याला जाऊन सांग, केंदाळात अडकलेलं मिळालं म्हणून."

ती मागं सरली. "मी न्हाय! तुमच्या देवाचं खोटं मी का बोलू? पाप लागंल."

"तुझा देव येगळा हाय. तुला लागायचं न्हाय."

"असं असतंय व्हय?"

"मला काय ठाऊक? चौथी शिकलेली बाई मी."

तिनं हात पदराला पुसले. मग पुटपुटली, "सकाळी सकाळी कुणाचं तोंड बघितलं म्या," आणि स्टोव्ह बारीक केला. घाटाच्या कडेला पुरानं केंदाळाचा, म्हणजे जलपर्णीचा, हिरवा ढीग आणून टाकला होता, त्यातला एक जुडगा उचलला, लिंग त्यात गुंडाळलं, चिखलात दाबलं. आणि मग अशी ओरडत खाली गेली की मीच दचकले.

"ए दादा! ह्ये तुझं हाय काय बघ! मगाधरनं केंदाळात काय चमकतंय म्हणून बघते तर ह्ये! मी म्हटलं सुपारी हाय, फेकून देणार हुते!"

चमकण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण त्यानं हात पुढं केला.

मी वरून बघत होते. पदर हनुवटीपर्यंत ओढून घेतला होता. पाऊस होता, सगळ्याच बाया तशा होत्या. त्यानं केंदाळ काढून टाकलं. चिंधी सोडली. लिंग डाव्या तळहातावर ठेवलं आणि बघत राहिला. पाणी त्याच्या मांड्यांना लागत होतं. घाटाशेजारच्या पुलावरची माणसं काहीतरी ओरडत होती, वरून बहुतेक आणखी एखादं झाड येत असावं. चहावाली त्याच्या वरच्या पायरीवर उभी होती, पण तिनं हात मागं धरले होते. तिलाही कळलं होतं, हात लावायचा नाही.

त्यानं लिंग नाकापाशी नेलं.

हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. एवढ्या वर्षांचा भस्माचा वास, माझ्या घामाचा वास. चिखलानं किती झाकणार? लहानपणी तो माझ्या कुशीत झोपायचा तेव्हा ते लिंग त्याच्या गालाला लागायचं. कधी कधी सकाळी गालावर डबीचा वळ असायचा.

तो वळला आणि वर माझ्याकडं बघितलं. तोंडाकडं नाही, गळ्याकडं.

"अव्वा," तो म्हणाला, "तू जेवलीस?"

"जेवले."

"कधी?"

"सकाळीच. भाकरी, कालची आमटी."

तो आणखी थोडा वेळ बघत राहिला. त्या वेळात तो खाली जाईल की वर येईल, हे मला सांगता आलं नसतं. मग त्यानं चिंधी बांधली, दोरा गळ्यात घातला, गाठ मारली. पाय उचलला. लंगडत एक पायरी वर आला, मग दुसरी. माझ्या पुढ्यात येऊन म्हणाला, "हितं डबा भिजंल. वर चल."

चहावालीच्या बाकड्यावर बसून तो जेवला. पहिले घास ओकून टाकले. परत खाल्ले. चहावाली डोळे पुसत होती आणि मला शिव्या देत होती, म्हातारीनं मला पापात घातलं म्हणून. मी तिला म्हटलं, चहा दे त्याला, तार न घालता. संध्याकाळपर्यंत ती फुटकी पायरी पाण्याखाली गेली आणि मागाहून चहावालीची ताडपत्रीही काढावी लागली. तो वरच्या बाजूला, भिंती नसलेल्या एका शेडमध्ये बसून राहिला. घरी आला नाही. येणार नव्हताच.

घरी आल्यावर मी ताट वाढून घेतलं आणि बसले. हात गळ्याकडं जायचा, तिथं काही नसायचं. घास तोंडात घातला, गिळला नाही गेला. त्या दिवशी तसंच झोपले. दुसऱ्या दिवशी जेवले. मला त्याला विचारल्यावर खरं सांगायचं होतं, आणि डबा घेऊन जायला अंगात जोर लागतो. देव असला तर त्यानं बघितलंय सगळं. नसला तर भाकरीला हरकत नाही.

मुलगी पूर ओसरल्यावर भेटायला आली. तिच्या लगेच ध्यानात आलं. "अव्वा, ह्या वयात मोकळ्या गळ्यानं हिंडतीस? उद्या काही झालं तर?"

"तर काय? जाळतील."

तिनं कानांवर हात ठेवले. त्याला दिलं हे मी तिला सांगितलं नाही. तिनं ताडलं असेल, पण विचारलं नाही, आणि तेच बरं केलं.

मग मी स्वामींकडं गेले. त्यांच्याकडं ते नवीन लिंग तसंच होतं, त्या दिवशी परत आणलेलं. म्हटलं, "हे मला बांधा."

"तुझं काय झालं?"

"न्हाय माझ्याकडं."

त्यांना सगळं समजलं असणार, घाटावर ते स्वतः आले होते. त्यांनी मंत्र म्हटले, भस्म लावलं, दोरा बांधला. म्हणाले, "हे आता मरेपर्यंत काढू नकोस."

"बघू," मी म्हटलं.

नदी आता खाली गेली आहे. देवळं बाहेर आली, त्यांच्यावर वाळलेला चिखल आहे. तो परत त्या फुटक्या कोपऱ्याच्या पायरीवर बसतो. मी डबा ठेवते. तो आधी विचारतो, "अव्वा, तू जेवलीस?" मी काय खाल्लं ते सांगते. मग तो चिंधी सोडतो, बघतो, बांधतो आणि जेवतो. धुतलेला डबा परत देतो. चहावाली म्हणते, पोरगं सुधारलं की वो मावशी. मी हो म्हणते.

पण गेल्या काही दिवसांत मी बघते आहे. जेवण झाल्यावरही त्याचा हात शर्टाच्या आत जातो. गाठ चाचपतो. मान एका बाजूला कलती करतो, कुणीतरी कानाशी बोलत असल्यासारखी, आणि पाण्याकडं बघतो. मी म्हणते, "काय रे?" तो म्हणतो, "काही न्हाय." हात बाहेर काढतो.

म्हणून मी नवीन लिंग चांदीच्या डबीत ठेवलेलं नाही. हिरव्या फडक्याची पट्टी उरली होती, तिच्यात बांधून उघड्या अंगावर घालते. अंघोळीला काढत नाही, झोपताना काढत नाही. सकाळी चुलीपाशी घाम येतो तो त्याला लागू देते. रात्री नाकापाशी नेऊन बघते. अजून दुकानातल्या कापरासारखा वास येतो त्याला. माझा यायला वेळ लागेल.